कणा तोच, होडी तीच

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या वाळूवर ती घडली ती वाळू समुद्राने कधीच गिळली आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि ज्यांच्या शब्दावर घरची माणसे चालतात, त्या मोठ्यांनी तर जरा जवळ सरकून ऐकावी.

खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे एक गाव होते. पावसाळा सरून समुद्र निवळला की गावाच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरत. त्या पहिल्या दिवशी सर्वांत आधी कोणी जायचे, हे ठरलेले असे. गावात जी होडी सर्वांत जुनी, तिचा मान पहिला. तिच्यात त्या दिवशी फक्त घरची माणसे बसत. ती खाडीचे तोंड ओलांडून दर्याला नारळ देत, आणि मगच बाकीच्यांची शिडे वर चढत.

हा मान एका तांडेलाच्या होडीकडे होता. होडीचे सुकाणू ज्याच्या हाती आणि होडीवर ज्याचा हुकूम, तो तांडेल. ही होडी त्याच्या बापाने बांधलेली. एका मोठ्या वादळात गावच्या होड्या पाचोळ्यासारख्या उधळल्या, तेव्हा हीच होडी बुडणाऱ्यांना उचलून घेऊन किनाऱ्याला लागली होती. तेव्हापासून गावातल्या बायका म्हणत, "ही नेते त्याला परत आणते." तांडेलाला हे बोलणे फार आवडे. कोणी बोलले नाही, तर तो स्वतःच त्याची आठवण करून देई.

पण लाकूड कितीही पुण्यवान असले तरी ते पाण्यातच उभे असते. होडीत पाणी झिरपू लागले. तांडेल दर मोसमाला तिला मुशी माशाच्या तेलाचा हात देई, फटींत कापूस आणि राळ भरी. पुढच्या मोसमाला फटी दुसरीकडे उघडत. त्याचा एकुलता एक मुलगा आता निम्मा वेळ जाळे ओढी आणि निम्मा वेळ पाणी उपसत बसे.

एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, हिला आता दम नाय. नवी बांधूया."

"तुझ्या आज्याची हाय ती," तांडेल म्हणाला.

"आज्याची हाय म्हणून तर इतकी टिकली. पण आता मी मासे कमी नि पानी जास्त घरी आणतो."

घरात सगळे हसले. तांडेलही हसला, पण त्याला झोप लागेना. होडीवर त्याचे प्रेम होते, हे खरे. पण खरी टोचणी वेगळी होती. ही होडी मोडली की गावातली सर्वांत जुनी होडी त्याच्या शेजाऱ्याची ठरणार होती. पहिल्या दिवशी शेजारी पुढे जाणार, आणि नव्या कोऱ्या होडीचा तांडेल म्हणून हा सर्वांच्या शेपटाला उभा राहणार. ते चित्र डोळ्यांपुढे आले की तो ताटावरून उठे.

त्या गावात जुनी होडी मोडण्याची एक रीत होती. होडी वाळूवर ओढून आणायची. घरच्या बाईने तिला ओवाळायचे. मग तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, वीतभर तुकडा काढून नव्या होडीच्या नाळेवर बसवायचा. तो पाण्याच्या वरच बसवत, पाणी लागणार नाही असा. उरलेल्या लाकडावर नव्या होडीची राळ शिजवायची. तुकडा वीतभरच का आणि पाण्याच्या वरच का, हे कोणी विचारत नसे. जुन्या लोकांना ते ठाऊक होते. तो तुकडा आठवणीसाठी होता, भार घ्यायला नव्हता. पण रीत राहिली आणि कारण विसरले गेले, तसे ते नेहमीच विसरले जाते.

तांडेलाने रीतीवर पुष्कळ विचार केला आणि त्याला आपल्या सोयीची वाट सापडली. वीतभर तुकड्याने जुन्या होडीचे पुण्य नवीत उतरत असेल, तर तिचा सगळा कणाच नवीत घातला तर? कणा म्हणजे होडीच्या तळाचे एकच लांब लाकूड. नाळेपासून सुकाणूपर्यंत तेच जाते आणि बाकी सगळे त्याच्यावर उभे असते. कणा जुना, फळ्या नव्या. मुलाला नवी होडी मिळेल, गावापुढे होडी जुनीच राहील आणि मानही जागचा हलणार नाही. आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

त्याची बायको मात्र खूश नव्हती. ती म्हणाली, "मोडायची तर मोडा, ठेवायची तर ठेवा. ह्या धड जुन्या नाय नि धड नव्या होडीत माझा पोरगा कशाला बसवता?"

"तुला दर्यातलं काय कळतं गो," तांडेल म्हणाला. बोलणे तिथेच संपले. दर्यातले कळो न कळो, दर्यावर गेलेल्यांची वाट पाहणे तिला कळत होते, पण ते कोण विचारतो.

होड्या बांधणारा सुतार आला. जुन्या फळ्या उतरल्या आणि कणा उघडा पडला. सुतार त्याच्यावर हातोडी मारत मारत पुढे सरकला. मध्यावर आल्यावर आवाज बदलला. त्याने पटाशी लावली, तर ती भिजल्या भाकरीत जावी तशी आत गेली. आत लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी घर केले होते. किड्याला कोणाच्या घराण्याचा मान ठाऊक नसतो.

सुतार हलक्या आवाजात म्हणाला, "तांडेल, हा मधून पोकळ हाय. वरून दिसत नाय, पण वजन पेलायचा नाय. नव्या फळ्या जड, त्यात तुम्ही होडी रुंद करायला सांगितलीत."

तांडेलाने मागे वळून पाहिले. मुलगा लांब, फळ्या तासायला बसला होता. "भोकं बुजव," तो म्हणाला. "मेण भर, राळ भर, वर डांबर ओत. आणि हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे."

"मला नाय जमायचं."

"मग दुसरा सुतार बघतो."

सुताराने पटाशी पिशवीत टाकली, पण तो निघाला नाही. त्याच्याही घरी चूल होती. शेवटी त्याने मेण वितळवायला ठेवले. त्यालाही दोष द्यावा लागेल, मुलांनो. पण तो दोष हातांचा होता. हुकूम दुसऱ्याचा होता.

होडी उभी राहिली आणि पाहणाऱ्यांचे डोळे निवले. रुंद, उंच, फळ्यांना ताज्या सागाचा वास. मुलगा दिवसभर तिच्याभोवती फिरे, तिच्या अंगावरून हात फिरवी. एकदा त्याने विचारले, "बाबा, कणा नीट पारखून घेतलास ना?"

"माझ्या बापानं घातलेला कणा हाय तो," तांडेल म्हणाला.

हे उत्तर नव्हते. पण उत्तरासारखे वाटले, आणि मुलाचा बापावर विश्वास होता. तो निश्चिंत झाला. खोटे न बोलताही माणूस किती फसवू शकतो, ते पाहा.

पहिला दिवस आला. सगळा गाव किनाऱ्यावर जमला. शेजाऱ्याने विचारले, की ही होडी नवी आहे, मग पहिला मान हिला कसा? गावचा पाटील पुढे झाला. तो खूप म्हातारा होता. त्याने वाकून कण्याला हात लावला, आणि डांबराखाली जे होते ते त्याच्या हाताला लागले नाही. तो म्हणाला, "कणा तोच, तर होडी तीच. मान हिचाच."

तांडेलाची छाती फुगली. त्याच्या आयुष्यातला तो शेवटचा सुखाचा क्षण होता.

सुकाणूवर बाप बसला. नाळेवर हातात नारळ घेऊन मुलगा उभा राहिला. शीड वाऱ्याने भरले आणि होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली. आईने डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिले. मुलाने मागे वळून तिला नारळ दाखवला.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा होता. तिथे लाटा उंच होत. जुन्या होडीने तो असंख्य वेळा ओलांडला होता. या होडीचे पुढचे टोक एका लाटेवर चढले, मागचे दुसऱ्या लाटेवर राहिले, आणि मध्ये खाली काहीच उरले नाही. सगळा भार कण्यावर आला. किनाऱ्यावरच्या लोकांनी आवाज ऐकला. बांबू मोडावा तसा कोरडा नव्हता तो. ओले, दमलेले काहीतरी तुटावे तसा होता.

होडी मधून दुमडली. डोलकाठी पुढे कोसळली आणि शीड मुलावर पडले. तो शिडाखाली गेला आणि शिडाखालीच राहिला.

लोकांनी होड्या पाण्यात लोटल्या. त्यांना तांडेल सापडला. तो एका नव्या सागाच्या फळीला मिठी मारून तरंगत होता. त्या फळीने त्याला वाचवले. मुलाला भरतीने संध्याकाळी किनाऱ्यावर आणून ठेवले. त्याच्या मागोमाग कण्याचा अर्धा तुकडाही वाळूवर आला. तुटलेल्या टोकातून मेण बाहेर आले होते, आणि आतली किड्यांची भोके सगळ्या गावाला दिसत होती. सुतार ती पाहून मान खाली घालून निघून गेला. तो त्या गावात पुन्हा दिसला नाही.

आई रडली नाही. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"होडी तीच होती ना?" ती म्हणाली. "ती तर नेते त्याला परत आणायची. मग असा का आणला माझा पोरगा?"

 तांडेल पुढे खूप जगला. तिने तो कण्याचा तुकडा जाळू दिला नाही. घराच्या दारात उंबऱ्याशी टाकून ठेवला. बाहेर जाताना आणि आत येताना तांडेलाला तो ओलांडावा लागे. पहिला मान शेजाऱ्याकडे गेला. शेजारी दर वर्षी होडी लोटण्याआधी त्या दारापर्यंत येई, तुकड्याकडे बघे, आणि मगच आपल्या कण्यावर हातोडी मारून आवाज ऐके.

बोध असा: जुने ठेवायचे की मोडायचे हे ठरवताना आपला मान पाहू नये, त्याच्या भरवशावर जे पाण्यात उतरणार आहेत, त्यांचे जीव पाहावेत.