रिकाम्या घराचा वास

सहलीची माणसं किनाऱ्यावर नुकतीच येऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

तिथे शंखात राहणाऱ्या खेकड्यांची एक रीत होती. कुणी मेलं की वास सुटे. घर रिकामं झालं, हे त्यावरून सगळ्यांना कळे. मग मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागे. मोठा त्या घरात शिरे आणि त्याचं घर मागच्याला मिळे.

पण माणसं पिशव्या भरभरून शंख नेऊ लागली आणि जाताना बाटल्या टाकू लागली. घरांची चणचण झाली.

एका संध्याकाळी तोच वास आला. रांगेत सर्वांत पुढे थोरली भागू होती. वास वाळूत रुतलेल्या एका बाटलीतून येत होता. आत तीन खेकडे मरून पडले होते. काच इतकी गुळगुळीत, की वर चढायला पायच ठरत नव्हते.

"मागे फिरा! आत गेलेला बाहेर येत नाही," भागू ओरडली.

"तुझं बरंय गं, मावशी! तुला धड घर आहे," फुटक्या शंखातली रेणू म्हणाली आणि बाटलीच्या तोंडाशी चढली.

भागूने तिला ओढून खाली पाडलं. मग ती स्वतःच्या शंखातून बाहेर आली, तो बाटलीच्या तोंडात घट्ट बसवला आणि उघड्या पाठीने दगडाखाली शिरली. वर घारी फिरत होत्या.

सकाळी सहलीची एक बाई आली.

"अय्या, केवढा सुंदर शंख!"

तिने तो ओढून काढला आणि पिशवीत टाकला. बाटली तिथेच राहिली.

वारा सुटला आणि उघड्या बाटलीतला तोच वास पुन्हा पसरला. दगडाखालून भागूला रांग येताना दिसली. सर्वांत पुढे रेणू होती.