चुकलेली वेणी

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि हर्षाली मठाच्या पायरीवर उभी राहून विचारत होती, “...म्हणजे उसवू की ठेवू? एवढं एकच सांगा माई.”

चिंधामाईंनी वर पाहिलं नाही. त्या आरतीच्या फुलवाती वळत बसल्या होत्या. बोट दुधात बुडवायचं, कापसाचं टोक पिळायचं, वात ताटलीत ठेवायची.

“आधी आत ये. पोरीला वारं लागतंय.”

कादवा नदीच्या काठचा तो लहानसा मठ. पलीकडच्या द्राक्षबागांत घडांना गारठा लागू नये म्हणून शेकोट्या पेटवलेल्या, त्यांचा धूर पार मठाच्या ओट्यापर्यंत आलेला. माई तिथं एकट्याच राहायच्या. आसपासच्या बायका त्यांच्याकडे यायच्या, कुणी मन मोकळं करायला, कुणी विणकाम शिकायला. हर्षालीनं पहिला टाका त्यांच्याकडूनच घेतला होता. पुढचं सगळं तिनं घरी, मोबाईलवर बघून, पोर झोपली की शिकून घेतलं होतं.

ती आत आली. कडेवर अडीच वर्षांची ईश्वरी, खांद्याला पिशवी. ईश्वरीच्या अंगात मागच्या वर्षीचा स्वेटर होता. बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, पोट उघडं.

पोर खोकली.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले, छाती उबेत ठेवा.”

“हं.”

हर्षालीनं पिशवीतून एकेक नमुना बाहेर काढला. क्रोशाचे चौकोन, जाळीचे नमुने, सुतळीच्या गाठींची शोभेची पट्टी, एक इवलासा मोजा.

“हे चार सुयांवरचं. ही जाळी. आणि ही बघा माई, वेणीची वीण. केसांच्या वेणीसारखे पेड पडतात. अख्ख्या गावात कुणाला येत नाही.”

“अगोबाई.”

“थट्टा करू नका.”

“थट्टा नाही गं. मलासुद्धा येत नाही.”

हर्षालीला बरं वाटलं. मग वाटलं, आपल्याला बरं वाटायला नको होतं.

माईंनी तो इवला मोजा बोटावर चढवून बघितला.

“याचा जोडीदार?”

“एकच विणला. जमतंय का बघायला.”

“आणि जमलं?”

“जमलं ना. मग दुसरं काहीतरी शिकायला घेतलं...”

माईंनी मोजा काढून ठेवला. पुन्हा वात घेतली.

आता हर्षालीनं पिशवीच्या तळातून तो स्वेटर काढला. गुलबक्षी रंगाचा, मऊ लोकरीचा. पुढा झालेला, पाठ झालेली, दोन्ही जोडलेले, गळा झालेला, उजवी बाही झालेली. डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत आलेली, तिचे टाके अजून सुयांवर.

“झालाय की,” माई म्हणाल्या.

“कुठं झालाय! हे बघा ना.” तिनं पाठ समोर धरली. “सगळी वेणी उजवीकडे वळत गेलीय. इथं कमरेशी एक पेड डावीकडे वळलाय. काल दिसला. पार खाली आहे. काढायचा तर सगळी पाठ उसवावी लागेल.”

“मागच्या थंडीत पण एक विणत होतीस.”

“तो जाळीचा होता. उसवला.”

“का?”

“जाऊबाईंनी हातात घेतला आणि म्हणाल्या, वरची बाजू कुठली गं याची? चारचौघींत.” हर्षालीचा आवाज बारीक झाला. “सगळ्या हसल्या, माई. मी पण हसले.”

“विकतचा नाही मिळाला कुठं?”

हर्षाली लोकरीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“काय गं?”

“मिळाला. जाऊबाईंनीच आणलाय परवा. म्हणाल्या, तुझा होईस्तोवर हा घाल. ...पेटीत ठेवलाय मी.”

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला. तो दोनदा घरघरला आणि बंद पडला.

“मी सगळ्यांना सांगून बसलेय ना, की मीच विणणार म्हणून,” हर्षाली म्हणाली. “आणि शेजारच्या ताई म्हणतात, चूक ठेवून घातलं तर लेकराला बाधतं. ते खरं का माई? तसं असेल तर आजच उसवायला घेते. पण उसवला तर थंडी निघून जाईल. आणि ठेवला तर... रात्री डोळा लागत नाही मला. डोळे मिटले की तो पेडच दिसतो.”

तिनं भिंतीला पाठ टेकली. किती दिवसांनी ती अशी टेकून बसली होती कोण जाणे.

ईश्वरी पुन्हा खोकली. या वेळी थांबेचना. हर्षाली तिची पाठ चोळत राहिली.

माईंनी ताटली बाजूला सारली, हात पदराला पुसले.

“आण इकडे.”

त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला. आधी ही बाजू पाहिली, मग ती.

“ही कुठली?”

“सुलट.”

“आणि ही?”

“उलट. तुम्हीच तर शिकवलंत.”

“शिकवलं खरं. विसरायला होतं हल्ली.” माईंनी दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला. “आणि घातला की पोरीकडे कुठली बाजू येते?”

हर्षालीनं बोलायला तोंड उघडलं...

“...उलट.”

“आणि सुलट?”

हर्षालीनं ईश्वरीचा चेहरा पदरानं पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसला.

माईंनी कोनाड्यातून गोणी शिवायचा दाभण घेतला. खडीसाखरेच्या पुडीचा दोरा सोडवला, दाभणात ओवला, आणि डाव्या बाहीच्या टाक्यांतून एकेक करत तो नेऊ लागल्या. एक सुई निघाली. दुसरी निघाली.

“अहो माई! टाके सुटतील!”

“सुटू दे. दोरा आहे ना धरायला.”

“पण बाही अर्धीच...”

“हात पण अर्धाच आहे अजून तिचा.”

दोऱ्याला सैल गाठ पडली. माईंनी गळ्यातून हात घातला आणि सगळा स्वेटर उलटा केला. वेणी आत गेली. बाहेर आली ती खरबरीत बाजू, बाजरीचे दाणे पसरावेत तशी.

“ये गं बये.” त्यांनी ईश्वरीला पुढ्यात ओढलं, जुना स्वेटर काढला आणि हा तिच्या डोक्यातून घातला. एक हात पुरा झाकला, एक कोपरापर्यंत.

“उलटा घातलात!” हर्षाली म्हणाली.

माईंनी जुन्या स्वेटरची घडी करून तो बाजूला ठेवला.

ईश्वरीनं पोटाशी हात नेला. गळ्यातून आत घातला. आतल्या आत काहीतरी चाचपत राहिली. तिचं काय चाललंय ते बाहेरून दिसत नव्हतं. मग हात तसाच आत ठेवून ती आईच्या मांडीवर कलंडली. खोकला एकदा आला, लहानसा. मग श्वास संथ झाला.

हर्षाली बघत राहिली. वेणी कुठंच दिसेना. चुकलेला पेडही दिसेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी जांभईही आली. दोन्ही तिला आवरता आली नाहीत.

माईंनी पुन्हा कापूस पुढे ओढला.



ऊन ओट्यावर आलं तशी हर्षाली उठली. नमुने पिशवीत भरले, मोकळ्या सुया खोचल्या, झोपलेली पोर खांद्यावर घेतली. पायरी उतरली. चार पावलं गेली आणि परत वळली.

“माई... पण तो पेड? उसवू की ठेवू?”

माईंच्या हातातली वात नीट वळली नव्हती. त्यांनी ती तशीच ताटलीत ठेवली. त्यांनाही दमल्यासारखं झालं होतं.

“ते ईश्वरीला विचार,” त्या म्हणाल्या. “धड बोलायला लागली की विचार. आणि काय म्हणाली ते मला कळव. मी नसले तरी कळव.”