दुधावाचून लोणी

एका राजाच्या टाचांना अशा भेगा पडल्या, की तो सिंहासनापर्यंत चवड्यांवर चालत जाई. दिवाणजी मात्र म्हणत, "वा महाराज! भेगा कसल्या, आपल्या पायी गंगा-यमुनाच अवतरल्यात!"

एके दिवशी आवडी नावाची कोकणी बाई दरबारात आली. कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल मुठीत वळून तिने त्याचा गोळा केला होता. "झाडाचं लोणी आणलंय, महाराज. टाचांना लावा."

दिवाणजी कडाडले, "गाय नाही, म्हैस नाही, आणि म्हणे लोणी! आपल्यासारख्या ज्ञानसूर्याला फसवते ही!"

ज्ञानसूर्याने मिशीला पीळ दिला. "दुधावाचून लोणी असतं, हे आत्ताच्या आत्ता सिद्ध कर. नाहीतर गाढवावरून धिंड काढीन!"

आवडीच्या हातात गोळा होताच, आता पोटातही आला. पण जीभ कुठली गप्प बसायला!

"महाराज, दिवाणजी तुम्हाला उठता-बसता लोणी लावतात. ते कुठल्या म्हशीचं हो?"

दरबार असा खदखदला, की भालदाराचा फेटाच सुटला. हसता हसता राजाने पाय पुढे केला.

"लाव बाई, तुझंच लाव. यांच्या लोण्याने आजवर एक भेग बुजली नाही!"