कासाराने विकलेली गाडी

फार फार जुनी गोष्ट. एका गावात एक कासार आणि त्याची बायको राहत होती. बैलगाडीत बांगड्यांच्या पेट्या भरून दोघं गावोगाव हिंडायची. लग्नाचा चुडा असो की सणाची काकणं, पंचक्रोशीतल्या बायका त्यांचीच वाट बघायच्या.

पुढे दोघांचे गुडघे कुरकुरू लागले. कासाराने धंदा थांबवला, बैल भावाला देऊन टाकले. घाटाच्या पायथ्याशी दिलेली एकुलती एक लेक सारखा निरोप पाठवी, "आता माझ्याकडेच राहायला या." कासारणीने हौसेने बोचकं बांधलं. पण कासार म्हणाला, "गाडी विकली की लगेच निघू."

गाडी सागवानी होती, पण जुनी. सुताराने ती फिरून फिरून पाहिली आणि सांगितलं, "नवीच्या निम्मे मागा. तेवढे नक्की येतील."

कासाराला ते झोंबलं. "निम्मे? अरे, या गाडीत माझी लेक जन्मली! भर पुरातून हिनं आम्हाला पैलतीराला नेलं!"

त्याने नव्या गाडीचीच किंमत सांगायची ठरवलं. चाकाच्या एका आऱ्याला तडा गेला होता. त्यावर त्याने गेरू फासला.

गिऱ्हाइकं आली, किंमत ऐकून माघारी गेली. एका शेतकऱ्याला गाडी आवडली होती. पण त्याने सहज नखाने गेरू खरवडला, आणि तडा दिसला. "एक लपवलंत, म्हणजे आणखी काय काय लपवलं असेल!" असं म्हणून तो समोरचं पाणीही न पिता निघून गेला.

गाडी चिंचेखाली उभीच राहिली. उन्हाने फळ्या उकलल्या. जूला वाळवी लागली. कासारीण बोचकं सोडून एखादं लुगडं काढायची, धुवायची आणि पुन्हा तिथेच बांधून ठेवायची.

एकदा लुगड्याची घडी घालता घालता तिचे हात थांबले. कासाराने विचारलं, "काय गं?"

"अहो," ती हळूच म्हणाली, "लेकीच्या जन्माची किंमत तुम्ही परक्याकडे मागताय. त्याला फक्त गाडी हवीय. आणि तो जन्म कुठं गाडीबरोबर जाणार आहे? तो आपल्यापाशीच राहील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कासाराने ओल्या फडक्याने सगळा गेरू पुसून काढला.

काही दिवसांनी एक तरुण कुंभार आला. तो आणि त्याची बायको डोक्यावरून मडकी वाहून थकली होती. "बाबा, गाडी विकायचीय म्हणे?"

"विकायचीय. पण आधी हे बघ. हा आरा तडकलाय, बदलावा लागेल. जू वाळवीनं खाल्लंय, तेही नवं कर. चाकांचा कणा मात्र पक्का आहे. तुझ्या पोरांच्या वरातीपर्यंत हलणार नाही."

मग कासाराने किंमत सांगितली. सुताराने सांगितली होती, त्याहून थोडी कमीच.

कुंभाराने घासाघीस केली नाही. "बऱ्याच गाड्या पाहिल्या, बाबा. विचारायच्या आधी दोष सांगणारे तुम्हीच भेटलात. आणि तुमची लेक घाटाखालीच ना? मी बाजाराला तिकडेच जातो. दोघं बसा की गाडीत!"

बाजाराच्या दिवशी कुंभार दुरुस्त केलेली गाडी बैल जुंपून दारात घेऊन आला. कासार सवयीने पुढे चढायला गेला. कुंभार हसला. "बाबा, आज तुम्ही मागं बसा."

जन्मभर कासाराने पुढे बसून बैल हाकले होते आणि कासारणीने मागे पेट्या सांभाळल्या होत्या. आज पहिल्यांदाच दोघं शेजारी शेजारी बसली, मडक्यांसाठी अंथरलेल्या गवतात, मागे सरणारा रस्ता बघत.

"मागनं रस्ता असा दिसतो बरं," कासारीण म्हणाली.

"चांगला दिसतो की," कासार म्हणाला, आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: आठवणी आपल्यापाशी ठेवाव्यात आणि वस्तूचं मोल खरं सांगावं.