गुंजेएवढा मणी

एक होती साळू. किमयागाराची लेक. किमयागार म्हणजे कोण, तर लोखंडाचं सोनं करणारा माणूस. चिंगे, तोंडातला अंगठा काढ आधी, मग पुढचं सांगते.

साळूचा बाप केरोबा. राजानं त्याला सोनं करायला बसवलं. राजाच्या धाकानं म्हाताऱ्यानं भाता घाईघाईनं ओढला, नि मूस तडकली. मूस म्हणजे भट्टीतलं मातीचं भांडं, बरं का. राजाचं डोकं सणकलं. त्यानं केरोबाच्या पायात लोखंडी बेडी ठोकली. म्हणाला, "सोनं येईल तेव्हाच बेडी निघेल." मेल्याला दया ना माया!

मग साळू बापाला भेटली. बाप म्हणाला, "बाळे, विस्तव मंद ठेव. तीन पाखरं येतील. आलेल्याला हाकलू नको, नि मूस कच्ची उघडू नको."

मग साळूनं नवी मूस भरली. मुशीच्या तोंडाला चिखलाचं फडकं गुंडाळलं, मोहरीएवढं भोक ठेवलं, नि भाता ओढायला बसली. तीन दिवसांनी भोकातून काळा धूर आला. धुराचा झाला कावळा! काव काव करून घर डोक्यावर घेतलं. शेजारणी म्हणाल्या, "अगं बाई, सगळं करपलं! फेकून दे ती मूस." साळूला रडू फुटलं. पण तिच्या घरची रीत होती, जेवायच्या आधी पहिला घास कावळ्याचा. तिनं भाकरीचा तुकडा पुढे केला. कावळ्यानं खाल्ला नि उडाला. आणि कावळा ओरडला की काय होतं? पाहुणा येतो!

आला की. मोर आला. निळा, हिरवा, जांभळा, भट्टी नुसती झगमगली. गावभर बोभाटा झाला. राजा धावत आला. "उघड पोरी, झालं सोनं!"

साळू म्हणाली, "महाराज, अजून कच्चं आहे. कच्चा भात कुणी वाढतं का?"

"मला शिकवतेस? उद्या सोनं नाही दिसलं, तर बापाशेजारी तूही!" राजा पाय आपटत गेला. मोरही गेला.

मग साळू अशी भडकली, अशी भडकली! दात खाऊन भाता मारायला लागली. भट्टी धडधडली. मूस कुरकुरली. बापाची गत झाली तीच आता होणार! तेवढ्यात आला पांढराशुभ्र हंस. पाहुण्याला द्यायला घरात होतं वाटीभर दूध, त्यातही अर्धं पाणी. साळूनं ओशाळून तेच पुढे ठेवलं. हंसानं दूध तेवढं प्यायलं, पाणी ठेवलं. म्हणाला, "तूही असंच कर. बापाची माया ठेव, राजाचा राग सोड."

साळू त्या वाटीतल्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं ते अंगणात ओतून टाकलं. तिचा हात हलका झाला. भाता हळू चालला. मूस गप्प झाली.

सकाळी मूस उघडली. आत एकच लालभडक मणी. केवढा? गुंजेएवढा!

सोनं बघायला आलेला राजा हसला. "एवढंसंच?"

साळू मणी घेऊन वाड्यात बापाकडे गेली, राजा नि गाव मागोमाग. तिनं तो मणी बापाच्या बेडीला लावला. आणि काय सांगू! कडी कडी पिवळी झाली. अख्खी बेडी सोन्याची! आणि चोख सोनं मऊ असतं, बरं का. केरोबानं दोन्ही हातांनी ओढलं, बेडी ओल्या पापडासारखी वाकली, नि म्हातारा आपला आपण उभा राहिला.

साळूनं बेडी राजापुढे ठेवली. "घ्या महाराज, तुमचं सोनं. तुम्हीच ठोकलं होतं." लोकांनी असा जयजयकार केला की वाड्याची कौलं हलली. राजाची मान खाली गेली. त्या दिवसापासून त्यानं कुणाला बेडी घातली नाही. आणि जेवायला बसला की पहिला घास कावळ्याला द्यायचा, स्वतःच्या हातानं!

केरोबा लेकीच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेला, नि दोघं पोटभर जेवली. आता तुम्हीही छातीतला भाता हळू चालवा. आत... बाहेर... चिंगे, अंगठा! हं. झोपा आता.