दोनशे आठ वह्या

“रोज चार विषय आणि विषयाला चार पानं. आता तुम्हीच सांगा गुरुजी, एवढा गृहपाठ उभ्या तालुक्यात आणखी कोण देतं?”

उद्धव शेलार मास्तरांनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तर ते घरूनच घेऊन आले होते.

केंजळे गुरुजी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

“कोणी देत नाही बाबा,” ते म्हणाले.

मास्तर फुलले. फुलणारच. ज्या गुरुजींच्या हाताखाली ते बाराखडी शिकले, त्यांच्याच तोंडून हे ऐकायला मिळत होते. शिवाय संस्थेच्या अकराही शाळांत येत्या सोमवारपासून ‘शेलार पद्धत’ सुरू व्हायची होती. पुस्तिका तयार होती, वर मास्तरांचे नाव ठळक होते. फक्त पहिले पान कोरे होते. अध्यक्षांनी बजावले होते, केंजळे गुरुजींच्या दोन ओळी त्या पानावर येऊ देत, मगच अकरा शाळांचे बघू.

ते कोरे पान मास्तरांनी पिशवीतून काढले आणि पेनासकट गुरुजींपुढे ठेवले.

“आणि नमुना?” गुरुजींनी विचारले.

“आणलाय ना!”

खाकी कव्हर घातलेली मराठीची वही पुढे आली. सहावीतल्या स्वरूपाची. वर्षभरात एका दिवसाचा खाडा नाही. मास्तरांनी अख्ख्या वर्गातून हीच निवडली होती, कारण सगळ्यांत जास्त तांबड्या खुणा हिच्यात होत्या.

गुरुजींनी पंच्याला हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतले. पान उलटले. आणखी एक उलटले. मग एका पानावर थांबले ते थांबलेच.

मास्तर वाट पाहत राहिले. कौतुक ऐकायचे असले की माणसाला घाई नसते.

“उद्धव, तू वाचलीस का रे ही वही?”

“पान न् पान तपासलेलं आहे, गुरुजी.”

“मी विचारलं, वाचलीस का…”

मास्तरांनी पुढ्यातले पेन सरळ केले. “बघितलीय.”

“मग ऐक. निबंध आहे. ‘मी पाहिलेली जत्रा’.”

गुरुजी सावकाश वाचू लागले, वर्गात वाचायचे तसेच.

“‘आमच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा. चार माणसे तो हाताने फिरवायची. पाळणा वर गेला की मला भीती वाटायची. मग ताई माझा हात घट्ट धरायची. तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या, त्या माझ्या मनगटाला रुतायच्या. पुढच्या जत्रेला ताई सासरी होती. तिला पाठवले नाही. त्यानंतर मी पाळण्यात बसले नाही.’”

गुरुजींनी चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिले.

“सुंदर,” मास्तर म्हणाले. “सहावीतली पोर, गुरुजी! हा गृहपाठाचा गुण.”

“ताई कुठं दिली हिची?”

“अं?”

“स्वरूपाची ताई. कोणत्या गावाला दिली?”

मास्तरांनी कव्हरवरचे नाव पुन्हा वाचले. स्वरूपा एकुलती एक. आणि गावच्या जत्रेतला पाळणा ती जन्मायच्या आधीपासून इंजिनावर फिरत होता.

“आईनं लिहिलाय…” ते हळूच म्हणाले.

“पोरगी काय करत होती तेव्हा?”

“उरलेले तीन विषय…”

गुरुजींनी मान डोलावली. त्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना परवडले असते. लहानपणी गुरुजींची छडी खाल्लेला माणूस, आणखी एक खाऊन घरी गेला असता.

“निबंधाखाली तांबड्या शाईत शेरा आहे. तो वाचू?”

“चांगला असेल तर वाचा,” मास्तर कसनुसे हसले.

“‘छान लिहिले आहे. मीसुद्धा नंतर कधी बसले नाही.’”

मास्तरांचा चेहरा उतरला.

आता काय सांगायचे? लपवण्यासारखे उरलेच काय होते? हे अक्षर त्यांना पाठ होते. किराणामालाची यादी याच अक्षरात त्यांच्या हाती पडायची.

“मंगल तपासते, गुरुजी. वर्गात बावन्न मुलं. बावन्न चोक दोनशे आठ वह्या. रोज. माझ्या एकट्याच्यानं कसं व्हायचं? तिला म्हटलं, खुणा करत जा फक्त.”

“तिला बहीण आहे?”

“होती, म्हणते. थोरली.”

“म्हणते?”

“म्हणजे… कधी विषय निघाला नाही. अठरा वर्षांच्या संसारात.”

गुरुजींनी पुढची पाने उलटली. प्रत्येक निबंधाखाली तांबड्या शाईत एकदोन ओळी होत्या. पुढेपुढे तर निबंधच शेऱ्याला उत्तर देत होता. एकीने विहिरीबद्दल लिहिले की दुसरी खाली आपल्या माहेरच्या आडाबद्दल लिहायची. एकदा तांबड्या शाईने विचारले होते, ‘मग शाळा का सुटली?’ आणि पुढच्या पानावर ‘माझी शाळा’ हा निबंध दीड पान जास्त भरला होता.

वाचता वाचता गुरुजींची मान ताठ झाली. वर्गातले पोर पहिल्यांदा अडखळल्याशिवाय धडा वाचून गेले की ते असेच ताठ बसायचे.

“चाळीस वर्षं शिकवलं मी,” ते म्हणाले. “इतकं मन लावून लिहिणारा विद्यार्थी मला मिळाला नाही. आणि इतकं मन लावून वाचणारा मास्तर मी झालो नाही.”

त्यांनी वही मिटली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवली. कोऱ्या पानाला हात लावला नाही. पेनाचे टोपण तेवढे बसवून दिले.

मास्तरांनी कोरे पान उचलून पिशवीत घातले. अकरा शाळा, ठळक अक्षरातले नाव, सोमवार…

“मग मी काय करू, गुरुजी?”

गुरुजींनी परात पुढे ओढली.

“त्या दोघींची एकदा भेट घालून दे.”