पंतांच्या तोडीचा वकील

करंजगडच्या राजाला कुस्तीचं भारी वेड. लढाईत पकडलेल्या शत्रूच्या सेनापतीवर त्याच्या दरबारात खटला उभा राहिला. शरण आलेलं पिंपळद गाव त्याने जाळलं, असा आरोप होता. सेनापतीने वकील मागितला.

"असल्या राक्षसाला वकील?" फिर्यादीची बाजू मांडणारे दिवाण अंबाजीपंत गरजले. "आणि माझ्यासमोर टिकणार कोण? माझ्या तोडीचा वकील या राज्यात जन्मलेला नाही!"

दरबार हसला. तेवढ्यात पिंपळदची तानूबाई उठली. त्या आगीत तिचं घरही गेलं होतं आणि धनीही.

"महाराज, हात बांधलेल्या गड्याला कुणी चीत केलं, तर त्याला गदा द्याल?"

"गदा? आखाड्याबाहेर हाकलीन!"

"मग ह्याचं तोंड बांधून दिलेला निकाल मलाही नको. उद्या लोक म्हणतील, लढाई हरला म्हणून फासावर गेला. वकील द्या त्याला."

"पण बाई, पंतांच्या तोडीचा आणू कुठून?"

"आणायचा कशाला? पंतांनाच त्याच्या बाजूनं उभं करा. त्यांनाही तो सोडवता आला नाही, तर आमचं गाव निवांत झोपेल."

राजाने गादीवर बसल्याबसल्याच शड्डू ठोकला. पंत घाम पुसत उठले आणि मुकाट्याने आरोपीशेजारी जाऊन उभे राहिले.